दोन मिलिमीटरचा पुरुषार्थ

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला वेगाचं वेड नवं नाही, पण वळणाचं शिक्षण त्याला कधी मिळालेलं नाही. आमचा वेग परंपरेनं सरळ. बैलगाड्याचा घाट म्हणजे चढावरची एक सरळ धाव. पुढे घोडी, मागे बैल, आजूबाजूला उधळलेला भंडारा आणि निवेदकाचा बसलेला घसा. काही सेकंदांत बारी संपते. या खेळात गाडा डावीकडे किती कलला हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण डावीकडे जायचंच नसतं. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा वाट मोकळी करून दिली. मधल्या साडेसात वर्षांत ज्या पोरांना मिसरूड फुटलं त्यांना पळवायला बैल मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी मोटारी धरल्या, असा माझा एक सिद्धान्त आहे. सिद्धान्ताला पुरावा एकच, पण तो आमच्याच घरात राहतो. माझा पुतण्या.

आमचं घर वारूळवाडीत. नारायणगाव कुठे संपलं आणि वारूळवाडी कुठे लागली, हे परक्याला घरपट्टीच्या पावतीवरूनच कळेल. नारायणगावचा टोमॅटो बाजार मात्र दोघांचाही. २०२३च्या जुलैत या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला आणि आयुष्यभर टोमॅटो रस्त्यावर ओतून आलेल्या लोकांना पैशाचं काय करायचं ते सुचेना. कोणी स्लॅब टाकला, कोणी बोअर घेतली, कोणी राहिलेलं लग्न उरकलं. पुतण्यानं जुनी फियाट अबार्थ पुंटो आणली.

ही गाडी शेजारच्या शिरूर तालुक्यातली. रांजणगावच्या कारखान्यात जन्मलेली आणि २०१५च्या ऑक्टोबरात बाजारात आलेली. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि पुढे-मागे विंचवाचं चिन्ह. कंपनी काढणारे कार्लो अबार्थ यांची रास वृश्चिक, म्हणून १९४९ साली काढलेल्या कंपनीला त्यांनी विंचू दिला. राशीवरून बोधचिन्ह ठरवणारा हा माणूस आमच्या आईला एकदम घरचा वाटला. "रांजणगावची हाय म्हंजी महागणपतीच्या पायाशी झालेली गाडी," असं म्हणून तिनं हळदकुंकू लावलं आणि विंचवाला मात्र लांबूनच नमस्कार केला.

महिनाभर पुतण्या सुखात होता. मग एका संध्याकाळी जेवताना त्यानं जाहीर केलं, "काका, गाडी झुलते."

"कुठं?"

"वळणावर. बॉडी रोल आहे. स्टॅबिलायझर बार बदलावा लागणार."

भावानं ताटातून मान वर केली. "हे जे बदलायचंय, ते मोडलंय का?"

"नाही."

"मग?"

या "मग?"चं उत्तर जगातल्या कुठल्याही मोटारवेड्या मुलाला बापासमोर देता आलेलं नाही.

आता हा बार म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण आमच्या घरात पुढचे सहा महिने दुसरा विषय नव्हता. गाडीच्या खाली, आडवा, इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला एक स्प्रिंग-स्टीलचा दांडा असतो. मधला भाग रबरी बुशमध्ये धरून गाडीच्या सांगाड्याला बांधलेला आणि दोन्ही टोकं लिंक रॉडनं डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर गेली, म्हणजे गतिरोधक आला, तर दांडा बुशमध्ये नुसता फिरतो आणि काहीच करत नाही. पण गाडी वळणावर कलली, एका बाजूचं सस्पेन्शन दबलं आणि दुसऱ्या बाजूचं सैल झालं, की दांड्याला पीळ पडतो. तो पीळ सोडवण्यासाठी दांडा धडपडतो आणि त्या धडपडीत कललेल्या गाडीला सरळ करू पाहतो. यासारख्या दांड्याचं पेटंट कॅनडातल्या स्टीफन कोलमन नावाच्या गृहस्थांनी १९१९ सालीच घेतलं होतं. म्हणजे पुतण्या ज्याला नवीन तंत्रज्ञान म्हणत होता, ते आमच्या आईपेक्षा वयानं मोठं होतं.

"मूळचा समजा २० मिलिमीटरचा आहे," पुतण्या म्हणाला. "मी २२चा टाकणार."

"दोन मिलिमीटरसाठी एवढे पैसे?" भाऊ.

इथे पुतण्याचा मुद्दा खरा होता. दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. २० चे २२ केले तर जाडी दहा टक्क्यांनी वाढते, पण १.१ ला चार वेळा गुणा, उत्तर येतं १.४६. ताठपणा सेहेचाळीस टक्क्यांनी जास्त. दोन इंची पाइप काढून अडीच इंची टाकला की पाणी अर्ध्या इंचापुरतं वाढत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्या भावाला हे लगेच पटलं. फक्त सेहेचाळीस टक्के हा आकडा आमच्या घरात मुलाच्या तोंडून प्रथमच अभिमानानं उच्चारला जात होता. बारावीच्या निकालाला त्यानं जवळपास हाच आकडा फार हळू आवाजात सांगितला होता.

गाडीत सुधारणा करणाऱ्या लोकांचे काही ठरलेले प्रकार आहेत. एक, सायलेन्सर बदलणारे. त्यांची सुधारणा अख्ख्या आळीला ऐकू येते. दोन, चाकांच्या रिमा बदलणारे. त्यांची सुधारणा दिसते. तीन, काचेवर राजे, आईचा आशीर्वाद किंवा जातीचा उल्लेख चिकटवणारे. त्यांची सुधारणा वाचता येते. स्टॅबिलायझर बारवाल्याची गोष्ट करुण असते. त्याचा खर्च यांच्यापेक्षा कमी नसतो, पण वस्तू गाडीच्या पोटाखाली, चिखलाच्या थरामागे. ती दिसत नाही, वाजत नाही, वाचता येत नाही. त्यामुळे ती सांगावी लागते. पुतण्यानं ती चहाच्या टपरीवर सांगितली, सलूनमध्ये सांगितली, दशक्रियेला सांगितली. दशक्रियेला माणसं उठून जाऊ शकत नाहीत, हे त्याच्या लवकर लक्षात आलं.

सगळ्यांत समजूतदार प्रतिक्रिया पिकअपवाल्याची होती. आमच्या भागातला खरा शर्यतपटू हाच. हंगामात पहाटे शेतावरून क्रेट भरून निघतो आणि भाव पडायच्या आत बाजारात पोचतो. घड्याळाशी याच्याइतकी झुंज ट्रॅकवरचे लोकही देत नसतील. गाडी कलते म्हणून काय करता, असं पुतण्यानं त्याला विचारलं.

"मागं पाटा वाढवायचा."

"त्यानं वजन पेलतं. झुलणं कुठं थांबतं?"

"गाडी कुठं झुलती? क्रेट झुलत्यात. रस्सी आवळायची."

या उत्तरात सस्पेन्शनशास्त्राचा एक अध्याय आहे. गाडी कलते कारण वजन उंचावर असतं. वजन खाली घेतलं आणि नीट बांधलं तर निम्मं काम होतं. पण पुतण्यानं ते उत्तर अडाणी ठरवलं, कारण ते फुकट होतं.

बार परदेशातून मागवला. २०२० येईपर्यंत फियाटच्या मोटारी आपल्या बाजारातून गेल्या होत्या, त्यामुळे गाडी रांजणगावची असली तरी सामान सातासमुद्रापलीकडून. विकणाऱ्यानं पाठवलेल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की हा बार बसवल्यावर गाडी वळणात रुळांवरून धावल्यासारखी चालेल. ते वाक्य वाचून भाऊ पहिल्यांदा हसला. पुणे-नाशिक रेल्वेची वाट आम्ही इतकी वर्षं पाहतोय की आमच्याकडे कोणी रुळाचं आश्वासन दिलं की निवडणूक आली असं समजतात. २३५ किलोमीटरचा मार्ग ठरला, नारायणगावावरून जाणार असं झालं, मोजणीची माणसं आली, आणि मग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला रेल्वेचा त्रास होईल म्हणून मार्गच बदलायचं ठरलं. आता वारूळवाडीत रूळ येणार ते पुतण्याच्या गाडीखालूनच.

"दुर्बिणीचं काय घेऊन बसलात!" पुतण्या म्हणाला. "ती पण बघा की, कशी ताठ उभी असते."

नेमका इथेच तो फसला, कारण खोडदच्या दुर्बिणीची सगळी कमाल ताठ न राहण्यात आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. एवढा मोठा पत्रा वाऱ्यात उभा करायचा तर लोखंडाचा डोंगर लागला असता. डॉ. गोविंद स्वरूप यांनी पत्राच काढून टाकला. दोरखंडासारख्या ताणलेल्या तारांवर बारीक तारेची जाळी बसवली. रेडिओ लहरी तिच्यावरून परततात आणि वारा आरपार निघून जातो. वाऱ्याशी भांडायचंच नाही, असं ठरवल्यामुळे दुर्बीण हलकी झाली आणि स्वस्तही. हे ऐकून पुतण्या म्हणाला, "पण ती वळणं कुठं घेते?" आकाशाकडे बघत चारही दिशांना वळणं हाच तिचा धंदा आहे, हे मी सांगितलं नाही. जेवण झालं होतं.

बार आला. मेस्त्रींचं गॅरेज हायवेच्या कडेला. खाली वाकून त्यांनी बॅटरी मारली, जुना बार हातानं हलवला आणि एकदम शांत झाले. मेस्त्री शांत झाले की खर्च वाढतो हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे.

"दादा, ह्यो बघा बुश."

मधल्या पट्टीखालचं काळं रबर भेगाळून अंडाकृती झालं होतं. गोल भोकात गोल दांडा घट्ट बसायला हवा, तिथे करंगळीचं टोक जाईल एवढी फट. उजव्या लिंक रॉडचा बॉल जॉइंट तर दोन बोटांनी डुगडुगत होता. खडखडाट कसा आला नाही असं मेस्त्रींनी विचारलं. आला होता, पण पुतण्यानं मोठा आवाज काढणारा सायलेन्सर आधी बसवला होता.

"तुमचा बार चांगलाय. धरणारंच मेलंय. बुश आन् लिंक बदला, हज्जार-दोन हज्जारात गाडी सरळ व्हती. ह्यो जाडा बार पिशवीत ठिवा."

हा सल्ला जगातला कुठलाही चांगला कारागीर देईल. आधी टायरमधली हवा बघा, मग बुश बघा, मग लिंक, मग शॉकअप. सगळं ठीक असूनही समाधान नसेल तर मग बार. पण कुरिअरनं सातासमुद्रापलीकडून आलेली वस्तू पिशवीत ठेवायची म्हणजे हळद लागल्यावर नवरीला माहेरीच ठेवण्यापैकी. पुतण्या म्हणाला, "दोन्ही करा."

बसवताना मेस्त्रींनी एक गोष्ट फार सुंदर केली. बार जागेवर घेतला, पट्ट्या हातानंच लावल्या, लिंकचे नट अर्धवट ठेवले आणि गाडी जॅकवरून खाली घेतली. गाडी स्वतःच्या वजनानं चाकांवर बसली, मग आडवे होऊन त्यांनी नट आवळले. गाडी हवेत असताना आवळलं तर रबर आधीच पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. जो ताण रस्त्यावर यायचा, तो गॅरेजमध्येच कशाला द्या! नव्या बारच्या दोन्ही टोकांना तीन-तीन भोकं होती. आतल्या भोकात लिंक लावली की हाताची लांबी कमी होते आणि बार आणखी ताठ होतो, बाहेरच्या भोकात लावली की मऊ पडतो. "कुठं लावू?" मेस्त्रींनी विचारलं. पुतण्यानं क्षणही न दवडता सांगितलं, "सगळ्यात कडक."

"मोडेन पण वाकणार नाही" ही म्हण आपल्या रक्तात आहे, पण स्प्रिंग-स्टीलच्या दांड्याचा स्वभाव नेमका उलटा. तो पिळला जातो म्हणूनच कामाचा, आणि पीळ लगेच सोडतो म्हणूनच टिकतो. सुंभ जळला तरी पीळ न सोडणाऱ्या माणसांच्या घरात असा दांडा येणं, हीच मुळात विसंगती होती.

चाचणी पहाटे झाली. आळेफाटा, ओतूर, मढ आणि पुढे माळशेज. रस्ता मोकळा, डांबर गुळगुळीत. खरं सांगायचं तर गाडीत फरक होता आणि चांगला होता. स्टिअरिंग वळवलं की गाडी आधी कलायची आणि मग वळायची, ती आता लगेच वळत होती. पूर्वी वळणावर मी दाराला टेकायचो, ते टेकणं बंद झालं. पुतण्याच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की मला क्षणभर बारावीचा निकाल बदलून लागल्यासारखं वाटलं.

मग एक आवळ वळण आलं आणि गाडीचं नाक ठरल्यापेक्षा बाहेर गेलं. पुतण्यानं पाय काढला, गाडी आली ताळ्यावर. तो गप्प झाला. यामागचं कारण बारच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. वळणावर आतल्या चाकांवरचं किती वजन बाहेरच्या चाकांवर जाणार, हे ठरतं वेगावर, गाडीच्या उंचीवर आणि रुंदीवर. बार कितीही जाड टाका, हे वजन जवळपास तेवढंच जातं. बारच्या हातात एकच असतं, त्यातलं जास्त पुढच्या जोडीनं सोसायचं की मागच्या. पुढचा बार कडक केला की पुढचं बाहेरचं चाक जास्त सोसतं. आणि पुंटो तर पुढच्या चाकांनीच ओढणारी. ओढायचं त्यांनीच, वळायचं त्यांनीच, वर हा जास्तीचा भारही त्यांच्याच डोक्यावर. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेला हे यंत्रशास्त्र शिकवावं लागत नाही.

"मागचा पण टाकावा लागणार," पुतण्या मढला चहा पिताना म्हणाला. सुधारणेचं हे असंच असतं. मागचा कडक केला की नाक आत येतं, फार कडक केला की वळणात मागचं आतलं चाक जमिनीवरून उचललं जातं आणि मागची बाजू कधीही बाहेर निघू शकते. मग टायर, मग शॉकअप. टपरीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाक उचलूनच ठिवायचं तर ते घरी ठिवून आलं तर नाय चालायचं?"

खरी परीक्षा मात्र माळशेजला झाली नाही, संकष्टीला झाली. ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला आई मागच्या सीटवर बसली. आमचे आतले रस्ते तुम्हाला माहीत असतील. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी डाव्या बाजूला चर पाडलेले, पाइपलाइनसाठी आडवे खणून अर्धवट बुजवलेले, आणि खड्डे नेहमी एकाच चाकाच्या वाट्याला येतील असे मांडलेले. बारची मोठी पंचाईत इथेच होते. एक चाक खड्ड्यात गेलं तर एरवी ते एकटं खाली जाऊन वर आलं असतं. आता जाड दांडा त्याचा झटका दुसऱ्या चाकाकडे पोचवतो आणि अख्खी गाडी डावी-उजवी डुलायला लागते. वळणावर जी गाडी स्थिर, ती सरळ रस्त्यावर माणसांची डोकी हलवते. आणि वारूळवाडी ते ओझर वळणं मोजकी, खड्डे मुबलक.

मंदिरासमोर उतरल्यावर आईनं आधी मान धरली, मग पदर सावरला.

"काय रं, गाडी बिघडली का?"

"आजी, सुधारली आहे."

"आरं देवा." विघ्नहरासमोर ती नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडून उभी होती.

पुतण्याचा पूर्ण हिरमोड व्हायला मात्र रांजणगावच कारणीभूत झालं. ज्या कारखान्यात त्याची अबार्थ झाली, तिथेच २०२१पासून जीप रँग्लरची जुळणी होते. तिच्या रुबिकॉन नावाच्या प्रकारात डॅशबोर्डवर एक बटण असतं. ते दाबलं की पुढचा स्टॅबिलायझर बार सुटा होतो, म्हणजे दगडधोंड्यातून हळू जाताना प्रत्येक चाक आपापल्यापुरतं वर-खाली होऊ शकतं. किंमत अर्ध्या कोटीच्या वर. भावानं ही बातमी दोनदा ऐकली. "म्हणजे तू पैसे दिलेस घट्ट करायला, आणि श्रीमंत माणसं पैसे देतात सोडायला?" आणखी श्रीमंतांच्या बेंटले बेंटायगामध्ये तर ४८ व्होल्टची मोटर बसवून बार हवा तेव्हा ताठ आणि हवा तेव्हा सैल करता येतो, हे मी भावाला सांगितलं नाही. त्याला रक्तदाब आहे.

कायद्याचाही प्रश्न कोणीतरी काढलाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं आहे. सायलेन्सरवाले आणि रिमावाले यात सापडतात. बारवाला सापडायचा तर आधी साहेबांना चिखलात आडवं व्हावं लागेल. तरी पुतण्यानं खबरदारी म्हणून दशक्रियेत सांगणं बंद केलं.

शेवटी तोडगा मेस्त्रींनी काढला. गाडी उभी केली, नट सैल केले आणि दोन्ही लिंक सगळ्यात बाहेरच्या, सगळ्यात मऊ भोकात लावल्या. हात लांब झाला, बार नरम पडला. नवीन बुश, नवीन लिंक आणि मऊ भोक. आई पुढच्या संकष्टीला मान न धरता उतरली आणि पुतण्याला म्हणाली, "आता कशी झाली बघ नीट." मेस्त्रींना मी बाजूला घेऊन विचारलं, हा ताठपणा आता मूळच्या बारच्या मानानं किती? मेस्त्री हसले. "जवळजवळ कंपनीनं दिल्ता तेवढाच. पर पोराला नका सांगू. त्यानं जाडा बार लावलाय."

लावलाय हे खरंच आहे, आणि तो सांगतोही. हल्ली भोकं तीन आहेत हा मुद्दा तो जास्त ठासून सांगतो. माळशेजला जायचं असलं की आतल्या भोकात घ्यायचा, घरच्यांना न्यायचं असलं की बाहेरच्या. प्रत्यक्षात माळशेजला जाताना नट बदलायचा कंटाळा येतो, त्यामुळे गाडी कायम घरच्यांसाठी तयार असते.

मूळचा बार मात्र वाया गेला नाही. कंपनीचं स्प्रिंग-स्टील, गंज नाही, वाकणं नाही. भावानं तो धुऊन पुसून गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावला. बिबट्या रात्री दारावर आला तरी काही करू शकणार नाही, असा त्याला भरवसा आहे, आणि आतापर्यंत त्या बारबद्दल घरात कोणाचीच तक्रार आलेली नाही. सध्या पुतण्या मागच्या बारची चौकशी करतोय आणि भाऊ गोठ्याला दुसरं दार कुठून काढता येईल ते बघतोय.